सही माझीच आहे

१८ जानेवारी

प्रिय पोरी,

तू सुखरूप पोचल्याचं शेजारच्या वायरमनकडून कळलं. त्याच्या दुकानात फोन केलास, इथे का नाही केलास ते मी ओळखलं. इथला फोन वाजला की मलासुद्धा क्षणभर वाटतं, तुझी आई उचलेल.

मी आपली पत्रंच लिहीत जाईन. पोहण्याच्या तलावाच्या काठावरून उभा जन्म पोरांवर ओरडून माझा आवाज असा झालाय की फोनवर नुसतं ‘कशी आहेस’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं, आपण बुडतोय.

आईच्या अंत्यविधीला पोचता आलं नाही म्हणून तू स्वतःला खात बसू नकोस. धुक्याने विमानं अडवली, त्याला तू काय करणार? आम्हाला थांबता आलं तेवढं थांबलो. पुढे हॉस्पिटलवाले थांबेनात. तू दोन दिवस राहिलीस, पण आपण दोघी पाहुण्यांसारख्या एकमेकींना चहा विचारत बसलो. रडायचं ते तू तुझ्या खोलीत रडलीस, मी माझ्या.

आईची खालची कार्यशाळा बंदच ठेवली आहे. तरी लोक दार वाजवतात. दातवाल्या बाई गेल्या हे अजून सगळ्यांना माहीत नाही. काल एक म्हातारे शिंपी आले. त्यांची कवळी मेणातच राहिली होती, पक्की व्हायची होती. त्यांना आत बसवलं आणि सांगितलं. मग रुमालाने तोंड झाकून म्हणाले, “आता मी कुणापुढे तोंड उघडू?” मी त्यांना दुसऱ्या दंतकारागिराचा पत्ता दिला. तो त्यांनी घेतला, पण जाणार नाहीत असं वाटतं.

वकिलांचा निरोप आला आहे. आईने त्यांच्याकडे एक पाकीट ठेवलंय म्हणे. जाऊन येते आणि कळवते.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
कोच

२ फेब्रुवारी

प्रिय कोचमावशी,

तुमचं पत्र वर्गावर जायच्या आधी वाचलं, ही चूक झाली. मुलांना भूमिती शिकवताना मला त्या शिंपीकाकांचा रुमाल दिसत होता.

तुम्ही आईजवळ होतात म्हणून मी इथे निर्धास्त होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. बाबा गेल्यावर आई पन्नाशीत पोहायला शिकायला निघाली तेव्हा मी हसले होते. तिला पाणी कधी जमलंच नाही, पण तिला तुम्ही मिळालात, राहायला आलात आणि वरची खोली भरली.

एक गोष्ट मनातून जात नाही. मागच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, मी तिला फोनवर म्हटलं, “आता घर विक आणि माझ्याकडे ये.” ती एकदम गप्प झाली. मी हॅलो हॅलो करत राहिले. तिने फोन ठेवून दिला. त्यानंतर तिने मला फोन केला नाही. मी केला तर तुम्ही उचलायचात, ती झोपली आहे म्हणायचात. नुसती पत्रं यायची, त्यात हवापाणी. मला वाटलं, रागावली आहे, एवढं वय झालं तरी पीळ जात नाही. म्हटलं, उन्हाळ्यात जाईन आणि समजूत काढीन. तिचा राग तसाच राहिला असेल का?

खरंच सगळं इतक्या पटकन झालं? दोन-तीन आठवड्यांचं दुखणं, असं तुम्ही म्हणालात. मी तेव्हा नीट विचारलं नाही.

घराची घाई करू नका. विकायचं म्हटलं तरी वेळ लागेल. तुमची दुसरी सोय होईपर्यंत तुम्ही तिथेच राहा.

तुमची,
मी

२० फेब्रुवारी

प्रिय पोरी,

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून सरळच लिहिते.

वकिलांनी पाकीट माझ्यासमोर उघडलं. ते आईचं मृत्युपत्र होतं, तिच्याच अक्षरात, एका पानाचं. वकिलांनी वाचून दाखवलं. राहतं घर, खालच्या कार्यशाळेसकट, मला. बाकी जे काही असेल ते तुला. पुढे एकच वाक्य आहे: ‘मुलीला तिचं घर आहे, मैत्रिणीला नाही.’

मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, त्यांनी नावांची अदलाबदल केली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तिने कधी एका शब्दाने ताकास तूर लागू दिली नाही. यावर तुझा विश्वास बसावा असं वाटतं, पण तो कसा बसवतात ते मला येत नाही. पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला मी म्हणायचे, हात सोड, मी आहे. ते इथे चालणार नाही.

वकील तुला टाइप केलेली प्रत पाठवतील. अंमलबजावणीचं काम आईने त्यांच्याकडेच सोपवलंय. कुणाची हरकत नसेल तर काही महिन्यांत कोर्टाचं काम उरकेल, असं म्हणाले.

तिच्या दुखण्याचं विचारलंस. ते फार लांबलं नाही. आता त्यात शिरू नकोस, पोरी. राग म्हणशील तर तुझ्यावर तिचा राग नव्हता. एवढं मी छातीठोकपणे सांगते.

तुझी,
कोच

६ मार्च

कोचमावशी,

प्रत मिळाली.

मी हॉस्पिटलला फोन केला. ज्या डॉक्टरांनी आईला तपासलं त्यांना शोधून काढलं. त्यांना वाटलं, मला सगळं माहीत आहे. ते सहज बोलून गेले, “त्यांच्या पहिल्या ऑपरेशननंतर...” मी विचारलं, कुठलं ऑपरेशन? मग त्यांना सगळं सांगावं लागलं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या आईचा वरचा जबडा अर्धा काढला. कॅन्सर होता. पावसाळ्यात तो परत आला. तुमच्या दोन-तीन आठवड्यांच्या दुखण्याला वर्ष होत आलं होतं.

मी तेव्हा फोन करत होते. तुम्ही उचलत होतात. “झोपली आहे.” “अंघोळीला गेली आहे.” “बरी आहे, तू काळजी करू नकोस.” मी तुमच्यावर विश्वास ठेवला, कारण माझी आई तुमच्यावर ठेवायची.

आता सगळं जुळतं. बोलता न येणारी एक आजारी बाई, घरात तुमच्याशिवाय कुणी नाही, औषधं तुमच्या हातात, मुलीला काही कळू दिलेलं नाही. आणि अशा दिवसांत एक मृत्युपत्र लिहिलं जातं आणि घर तुम्हाला मिळतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय समजला असतात?

मी त्या मृत्युपत्राला हरकत घेत आहे. मला घराची हाव आहे असं तुम्ही म्हणा. मला माझ्या आईजवळ शेवटचे काही महिने बसायचं होतं. ते कुठल्या कोर्टात मागायचे ते मला माहीत नाही, म्हणून घर मागते आहे.

१९ मार्च

पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिन्यावर बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. मग चिडले. अजून चिडलेलीच आहे, तरी लिहिते.

तुला कळवायचं नाही असं तुझ्या आईनेच मला बजावलं होतं. मी तिला किती वेळा म्हटलं, अगं, तिला बोलावून घे. ती हात जोडायची. एकदा मी फोनकडे गेले तर तिने वायरच उपटली. मग मी तोंड शिवून घेतलं. तू मला खोटारडी म्हण, ते खरंच आहे. पण ते खोटं कुणाच्या सांगण्यावरून, तेही ऐकून ठेव. तिला तू यायला नको होतीस.

औषधं माझ्या हातात होती, हो. तिला आंघोळ घालणंही माझ्याच हातात होतं, आणि जखम धुणंही, आणि त्या वासाने मी बाहेर जाऊन ओकले तर तिला कळू न देणंही. त्यावर तू हरकत घेतली नाहीस.

मी वकिलांना जाऊन विचारलं, माझे हक्क काय. इतकी वर्षं नाकासमोर चालले, कोर्टाची पायरी कशी असते ते माहीत नाही. ते म्हणाले, मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याला त्याची प्रत मागता येते, मूळ कागदही पाहता येतो, काम कुठवर आलं ते विचारता येतं, आणि कुणी हरकत घेतली तर कोर्टापुढे आपलं म्हणणं मांडता येतं. निकाल लागेपर्यंत मला या घरातून कुणी काढू शकत नाही. मला मात्र ते विकता येणार नाही, भाड्यानेही देता येणार नाही. मी म्हटलं, मला कुठे विकायचंय, मला इथेच मरायचंय.

तर मी इथेच आहे. तुला काय करायचं ते कर.

कोच

४ एप्रिल

कोचमावशी,

‘तिला तू यायला नको होतीस.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते माझं मला माहीत.

यापुढे जे काही असेल ते माझ्या वकिलांना कळवावं. मला पत्र लिहू नये.

२१ जून

पोरी,

लिहू नये म्हणालीस तरी लिहिते. हे वकिलाच्या कागदातून तुला कळलं तर मला बरं वाटणार नाही. शिवाय मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. शब्द खरे होते, पण मी ते तुला लागावेत म्हणून लिहिले.

झालं ते असं. तुझ्या वकिलांनी मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, असं विचारलं होतं. आमच्या वकिलांकडे कागदावर दोन सह्या आहेत, खाली नावं नाहीत. एक सही वायरमनची, ती त्याने ओळखली. दुसरी कुणाची ते त्याला सांगता येईना. त्याला एवढंच आठवत होतं, आईने त्याला घरी बोलावून सही घेतली. मला वाटलं, आपण तरी एकदा तो कागद डोळ्यांनी पाहावा. तेवढा हक्क आहे आपला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वकिलांनी कागद टेबलावर ठेवला. आईचं अक्षर पाहून माझे डोळे भरले, म्हणून आधी काही दिसलंच नाही. मग डोळे पुसून खाली पाहिलं.

मी म्हटलं, “अहो, ही तर माझीच सही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “नीट बघा.”

“काय बघायचंय? पोरांच्या कार्डांवर जन्मभर हीच केली. लाटेसारखी आहे, म्हणून सगळे हसायचे.”

“तुम्ही कधी केलीत?”

मग मला आठवलं. हिवाळा लागला होता. मी स्वयंपाकघरात होते. ती कागद घेऊन आली, वरचा भाग दुमडलेला, त्यावर हात ठेवलेला. तिच्याजवळ पाटी असायची, त्यावर लिहून बोलायची. पाटीवर लिहिलं होतं: ‘सही कर. वाचू नकोस.’ वायरमनही तिथेच पायरीवर उभा होता, पण तो सही करून वळला होता, बाहेर दुकानात गिऱ्हाईक होतं. मी समजले, कार्यशाळा बंद करायचा काही कागद असेल. हाताला पीठ लागलं होतं, ते पुसून सही केली. तिने माझ्या गालाला हात लावला आणि गेली. मला वाटलं, पीठ पुसलं असेल.

वकील खुर्चीला टेकून बसले. म्हणाले, “बाई, कायदा असा आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ते मिळत नाही. मृत्युपत्र खोटं ठरत नाही. बाकीचं सगळं तसंच राहतं. फक्त त्याच्या वाट्याचं जातं.”

“म्हणजे घर?”

“मुलीला जाईल.”

मी विचारलं, “तिला हे माहीत नसेल?”

“माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आल्या असत्या? आमच्याकडून लिहून घेतलं असतं तर आम्ही दारातच अडवलं असतं. त्यांनी बंद पाकीट आणून दिलं, आम्ही तसंच ठेवलं. उघडल्यावर सह्या कुणाच्या ते मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं.” शेवटी म्हणाले, “आज तुम्ही घरी जा. विचार करा. मग येऊन मला सांगा, ती सही कोणाची.”

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी घरी आले आणि खरंच विचार केला. तुला वाटेल, मी लगेच खरं बोलले असेन. नाही. मी बरेच दिवस गप्प राहिले. खोल्यांतून हिंडत होते, भिंतीला हात लावत होते. या वयात कुठे जायचं, हा विचार वाईट असतो, तो माणसाला लबाड करतो. वायरमनला मी सगळं सांगितलं होतं; एक दिवस तो आला आणि म्हणाला, “आपण सांगू, ती सही आमच्या बायकोची आहे. ती तयार आहे.” भला माणूस आहे. त्याच्या बायकोने शपथेवर खोटं बोलायचं, ते मी या घरात राहावं म्हणून. ते ऐकलं आणि मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जाऊन लिहून दिलं. सही माझीच आहे.

तर घर तुझं आहे. कोर्टाचा कागद व्हायचा तेव्हा होईल, मी महिनाअखेर निघते. माझी भावजय एकटीच असते, ती ये म्हणते. किल्ली वायरमनकडे ठेवीन. आईच्या कपाटाला मी हात लावलेला नाही.

कोच

२५ ऑगस्ट

प्रिय कोचमावशी,

हे पत्र मी आईच्या घरातून लिहिते आहे, खाली कार्यशाळेत बसून. तुमचा पत्ता वायरमनकाकांनी आधी देईचना. त्यांनी मला चहा दिला, किल्ली दिली आणि म्हणाले, “बाईंना आणखी त्रास द्यायचा असेल तर पत्ता मला ठाऊक नाही.” मी त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर रडले, तेव्हा कुठे त्यांनी तो लिहून दिला.

दार उघडलं तर आत माझंच पत्र पडलेलं. जुलैमध्ये मी तुम्हाला इथल्या पत्त्यावर लिहिलं होतं, तुम्ही निघून गेल्यावर ते पोचलं. त्यात एवढंच होतं: जाऊ नका. ते मीच उघडून वाचलं.

तुमचं जूनचं पत्र आलं तेव्हा माझे वकील खूश झाले. म्हणाले, आपण जिंकलो. मी घरी येऊन हरकतीचा कागद काढला. त्यात माझ्या सहीने लिहिलेलं आहे की तुम्ही आजारी बाईवर दबाव आणून घर लिहून घेतलं. आणि इकडे तुमची सही. जिला घर लाटायचं आहे ती बाई, ज्या सहीने घर जातं, ती सही पिठाच्या हाताने का करेल? हे समजायला गणित लागत नाही. मी ती हरकत मागे घेतली. घर कायद्याने माझ्याकडे आलंय, पण जे शब्द मी लिहिले ते कसे मागे घ्यायचे ते मला कळत नाही. मला क्षमा करा.

इथल्या वकिलांकडे जाऊन मी एक कागद केला आहे. तुम्ही हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क तुमचा. मी तो काढून घेऊ शकत नाही. साक्षीला वायरमनकाका आणि त्यांची बायको आहेत. वकील म्हणाले, यावेळी कोचबाईंना पेनाजवळ फिरकू देऊ नका.

कार्यशाळेत फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेत ठेवले आहेत, प्रत्येकाखाली चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव. लहानपणी मी त्यांच्याशी खेळायचे. सगळ्यात खालच्या फळीवर सात-आठ असे आहेत ज्यांना चिठ्ठी नाही. सगळे वरचे जबडे, सगळ्यांना डावी बाजूच नाही, तिथे नुसता खड्डा. पहिल्यात तो लहान आहे. शेवटचा मी हातात घेतला आणि परत ठेवून दिला. ते आईचे आहेत ना?

मावशी, मला सांगा. तिचा चेहरा कसा झाला होता? तिला दुखायचं का? आणि मी यायला का नको होते? तिला नको होते हे खरं असेल, तर तेही सांगा. मला आता कुणी काही लपवलेलं नको आहे.

मी महिनाभर इथे आहे. तुम्ही परत याल का?

तुमची,
मी

३ सप्टेंबर

प्रिय पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा भावजय समोर बसून बोलत होती. ती सकाळी डोळे उघडते तेव्हा बोलायला लागते आणि झोपली की थांबते. मी पत्र वाचून रडायला लागले तेव्हा ती पहिल्यांदा आपणहून गप्प झाली आणि उठून बाहेर गेली. बाई चांगली आहे.

तू विचारलंस ते सगळं सांगते. तिला मी शब्द दिला होता, पण ती आता नाही आणि तू आहेस.

हो, ते साचे तिचेच आहेत. टाळूचा डावा भाग काढल्यावर तोंड आणि नाक एक होतं. पाणी प्यायलं तर नाकातून येतं, बोललं तर नुसता वारा. ते भोक झाकायला एक पट्टी बसवतात, कवळीसारखी. तुझ्या आईने आपली पट्टी आपणच केली. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी खाली जाऊन बसली. माप घ्यायला मी मदत केली, मला वाटत होतं मीच बेशुद्ध पडणार. पट्टी बसवली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, “गिऱ्हाईक कटकट करणारं आहे, पण काम बरं झालंय.” स्पष्ट म्हणाली. त्या दिवसांत ती तुझ्याशी फोनवर बोलायची, तुला काही कळलं नाही, याचा तिला कोण आनंद व्हायचा. फोन ठेवला की लहान मुलीसारखी माझ्याकडे बघायची.

मग आजार आत पसरत गेला आणि तोंडाचा आकार बदलत गेला. पट्टी सैल व्हायची, ती नवी करायची. ती पुन्हा सैल व्हायची. तू ‘घर विक आणि ये’ म्हणालीस ना, त्या फोनवर ती गप्प झाली नव्हती. ती ‘येते’ म्हणायला गेली आणि पट्टी निसटून खाली पडली. मी समोरच होते. ती टेबलाखाली वाकून पट्टी शोधत होती आणि फोनमध्ये तू हॅलो हॅलो करत होतीस. मी फोन घ्यायला हात पुढे केला तर तिने तो ठेवून दिला. त्यानंतर पट्टी बसलीच नाही कधी.

आईला तुझा राग आला असं समजून तू वर्षभर बसलीस. मी तुझं फेब्रुवारीतलं पत्र वाचलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. शब्द पाळत बसले.

चेहरा म्हणशील तर डावा गाल आत गेला होता आणि डावा डोळा खाली उतरला होता. ओठ एका बाजूने वर ओढलेला, त्यामुळे ती सतत काहीतरी नापसंत असल्यासारखी दिसायची. उजवी बाजू होती तशी होती. मी मुद्दाम उजवीकडे बसायचे. तिला ते कळलं आणि तिने खुर्ची फिरवून ठेवली, मग मी डावीकडे बसायला शिकले. थोड्या दिवसांनी तोच तिचा चेहरा झाला. आता मला आठवते ती तशीच आठवते.

दुखायचं. खूप दुखायचं. शेवटी शेवटी औषधाने ती झोपून असायची, तेव्हा दुखत नसावं.

तू यायला का नको होतीस? एकदा मी तिच्याशी भांडले. म्हटलं, पोटची पोर आहे, तिला काय वाटेल? तिने पाटी भरून लिहिलं: आयुष्यभर मी लोकांची तोंडं पाहिली, लोक कपडे काढताना लाजत नाहीत एवढे तोंड उघडताना लाजतात. पाटी पुसून पुन्हा लिहिलं: पोरीने एकदा हे पाहिलं की तिला दुसरी आई आठवणार नाही. मला ते पटलं नव्हतं. आजही पटत नाही. पण तो निर्णय तिचा होता, तो चेहरा तिचा होता. तू तिला नको होतीस असं नाही, पोरी. तुझी तिने रोज वाट पाहिली आणि रोज तुला थांबवलं. दोन्ही तीच करत होती.

तिला वाटायचं, तू घर विकशीलच आणि मी रस्त्यावर येईन. म्हणून तिने तो कागद केला असणार. तिने आपल्या दोघींना एकमेकींजवळ बसवून विचारलं असतं तर इतकं झालं नसतं. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा एक त्रासच आहे.

माफीचं म्हणशील तर तुझं ते मार्चमधलं पत्र मी जाळून टाकलं आहे. मीही तुला काही कमी बोलले नाही.

आता शेवटचं. तू केलेला कागद मला मोलाचा आहे. पण खरं सांगू? इथे आल्यापासून मला झोप लागते. त्या घरात, मला बोलवायला ती वाजवायची ती घंटा मी ऐकत पडायचे, ती गेल्यावरही. घर मला हवं आहे असं मला वाटत होतं. आता वाटतं, मला ती हवी होती, आणि तिच्याजवळचं म्हणून घराला धरून बसले होते. निघाले त्या दिवशी किल्ली वायरमनच्या हातात दिली आणि मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

तरी तुला ते घर एकटीला उरकू द्यावं असं वाटत नाही. कपाट आहे, साचे आहेत, तिचे कपडे आहेत. रविवारच्या सकाळच्या बसने येते. राहायचं की नाही ते तिथे आल्यावर बघू. तू दारात उभी राहा, मला एकटीला आत जाता येणार नाही.

तुझी,
कोच